चायनाच्या मालामुळे कंपनी बंद पडतेय? राजीनाम्यावर सही करायच्या आधी हे वाचा

आमच्या कंपनीचे दिवस भरत आलेत हे आम्हाला ऑफिसवाल्यांच्या आधी स्टोअरवाल्याकडून कळलं. जे इंटरमिजिएट (पुढचा माल बनवायला लागणारं मधलं केमिकल) आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोट्याच्या एमआयडीसीत चौदा वर्षं स्वतःच्या हाताने बनवत होतो त्याचेच ड्रम एक दिवस ट्रकमधून उतरले, सील वेगळं, लेबलवर चायनाचा पत्ता. बनवण्यापेक्षा आणणं स्वस्त पडतंय म्हटल्यावर रिअॅक्टर कोण कशाला चालवेल. सहा महिन्यांत सेक्शन बंद.

२०२२ चा गणपती पंधरा दिवसांवर आलेला, एचआरने एकेकाला केबिनमध्ये बोलावून एकच छापील कागद पुढे केला, "वैयक्तिक कारणास्तव मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे", आणि सोबत तीन महिन्यांच्या पगाराचा चेक. घरात मखराची तयारी, मुंबईचे चाकरमानी यायचे, हातात रोख येतेय, सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली. नंतर हिशोब घातला तेव्हा कळलं की कंपनीने कायद्याने आमची कपात (रिट्रेंचमेंट, म्हणजे काम उरलं नाही म्हणून माणसं कमी करणं) केली असती तर भरपाईच सात महिन्यांच्या पगाराची बसत होती, ईएसआयसीवाल्यांना (म्हणजे कामगार विमा कापला जातो त्यांना) दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळत होता तो वेगळाच. एका ओळीपायी हे सगळं गेलं, "वैयक्तिक कारणास्तव" या दोन शब्दांपायी.

तेव्हापासून आमच्या खेड-चिपळूण भागात कुठे सेक्शन बंद व्हायची कुणकुण लागली की पोरं मला फोन करतात आणि मी दरवेळी तेच तेच सांगत बसतो, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय. मी वकील नाही, पण लेबर ऑफिसच्या इतक्या खेपा झाल्यात की तिथला शिपाई मला ओळखतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. बऱ्याच जणांना वाटतं की बाहेरच्या मालामुळे नोकरी गेली की त्यासाठी सरकारची काहीतरी खास स्कीम असणार. अमेरिकेत तशी होती. १९६२ पासून, आणि १९७४ च्या कायद्याने ती मोठी झाली. तिथे तीन कामगारांनी मिळून अर्ज केला तरी त्यांचं लेबर खातं चौकशी करायचं आणि आयातीमुळेच काम गेलं असं ठरलं की ट्रेनिंगचा खर्च, ट्रेनिंग चालू असेपर्यंत भत्ता, पन्नाशीच्या वरच्या माणसाला कमी पगाराची नोकरी धरावी लागली तर फरकातली अर्धी रक्कम काही मर्यादेपर्यंत, असं सगळं मिळायचं. तीसुद्धा १ जुलै २०२२ पासून नवीन अर्जांना बंद झाली. युरोपात २००७ पासून एक फंड आहे. आपल्याकडे या नावाचं काहीच नाही. आपल्याकडे आहेत त्या पाच-सहा वेगवेगळ्या खात्यांच्या वेगवेगळ्या गोष्टी, त्या आपणच गोळा करायच्या. आणि नोकरी का गेली यापेक्षा कागदावर ती कशी गेली असं लिहिलंय, यावर त्यातलं बरंचसं मिळणार की नाही ते ठरतं.

गेट उघडं आहे तोवर कागद बाहेर काढा

एकदा गेट बंद झालं की आतला तुमचा स्वतःचा कागदसुद्धा तुम्हाला मिळत नाही. त्यामुळे कुणकुण लागल्या लागल्या अपॉइंटमेंट लेटर, कन्फर्मेशन लेटर, मिळतील तेवढ्या पगाराच्या स्लिपा (शेवटच्या बारा तरी पाहिजेतच), हजेरीचा पुरावा, गेटपास हे सगळं घरी आणा. स्लिपा ऑनलाइन पोर्टलवर असतील तर आजच डाउनलोड करा, कंपनी आधी लॉगिन बंद करते आणि माणसं नंतर काढते. पीएफचं पासबुक आणि ईएसआयसीचं ई-पहचान कार्ड प्रिंट मारून ठेवा. यूएएनला (पीएफच्या कायमच्या नंबरला) आधार, पॅन, बँक खातं जोडलंय ना आणि तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे ना ते बघा. आमच्यात एकाचं आधारवर वडलांचं नाव मधे होतं आणि पीएफला नव्हतं, एवढ्यावरून त्याचे पैसे पाच महिने लटकले.

काँट्रॅक्टवाल्यांनी अजून एक करायचं. ठेकेदार दर दोन वर्षांनी बदलला असेल तरी तुम्ही त्याच मशिनवर होतात याचा पुरावा जपा, जुने गेटपास, शिफ्टच्या नोंदी, सुपरवायझरचे व्हॉट्सअॅप मेसेज, जे असेल ते. ठेकेदार पळाला तर पगाराची आणि पीएफची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, पण तुम्ही तिथे होतात हे दाखवता आलं पाहिजे.

सही: सगळ्यात महत्त्वाचं

कागदावर राजीनामा, स्वेच्छा, वैयक्तिक कारण, व्हॉलंटरी असं काहीही असेल तर तिथल्या तिथे सही करू नका. "घरी दाखवून उद्या आणतो" म्हणा, नाहीतर चष्मा विसरलो म्हणा. एचआर म्हणेल आज सही केली तरच चेक, उद्या काही नाही. हे ऐकून पाय लटपटतात, माझे लटपटले होते. पण कपातीची भरपाई, नोटीस पे, ग्रॅच्युइटी हे कायद्याचे पैसे आहेत, त्यांना एचआरची तारीख लागत नाही.

मग व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घ्यायचीच नाही का? तसं नाही. कंपनी कायद्याच्या हिशोबापेक्षा भरपूर जास्त देत असेल, आणि ईएसआयसीचा भत्ता सुटतोय ते धरूनसुद्धा जास्त असेल, तर खुशाल घ्या. फक्त आधी पुढचा हिशोब स्वतः मांडा आणि मग दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

आणि समजा पैशांची एवढी नड आहे की चेक घ्यावाच लागतोय, तर सहीच्या वर हाताने लिहा: "सदर रक्कम मी निषेधासह व माझे सर्व कायदेशीर हक्क राखून स्वीकारत आहे." लिहू देत नसतील तर त्याच दिवशी खेड किंवा चिपळूण, जे पोस्ट जवळ असेल तिथून हेच वाक्य कंपनीच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा.

तुमचा आकडा किती, हे स्वतः काढा

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नवे लेबर कोड लागू झाले, जुना औद्योगिक विवाद कायदा, ग्रॅच्युइटी कायदा वगैरे त्यात गेले. त्याआधी नोकरी गेली असेल तर हिशोब जुन्या कायद्याने, नंतर गेली तर नव्याने. कपातीचा मूळ फॉर्म्युला मात्र तोच राहिलाय.

कपात केली तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिचा पगार, आणि नोकरीच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार. शेवटचे सहा महिन्यांच्या वरचे असतील तर ते पूर्ण वर्ष धरतात. अट एकच, सलग एक वर्ष नोकरी, म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस भरलेले हवेत. यात कंपनीत माणसं किती याची अट नाही, आठ माणसांच्या वर्कशॉपलाही हे लागू आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं.

ग्रॅच्युइटी पाच वर्षं झालेल्याला, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी. राजीनामा दिला तरी ही मिळते, त्यामुळे "राजीनामा दे, ग्रॅच्युइटी देतो" म्हणणारा तुमचीच वस्तू तुम्हाला विकतोय. फिक्स टर्मवर (ठरावीक मुदतीच्या करारावर) असाल तर नव्या कोडमध्ये एका वर्षावरही प्रमाणात मिळते.

नव्या कोडमध्ये एक गोष्ट वाढली, री-स्किलिंग फंड. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे कंपनीने पंधरा दिवसांचा पगार त्या फंडात भरायचा आणि तो कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा. नाव ट्रेनिंगचं आहे पण पैसे थेट खात्यात येतात. नवीन असल्यामुळे एचआरलाच आठवण करून द्यावी लागेल असं समजा.

आता उदाहरण घेऊ. समजा कायद्याने पगार म्हणून धरला जाणारा आकडा १५,६०० आहे आणि नोकरी ११ वर्षं ७ महिने, म्हणजे हिशोबाला १२ वर्षं. ग्रॅच्युइटीत महिना २६ दिवसांचा धरतात: १५,६०० भागिले २६ गुणिले १५ म्हणजे ९,०००, गुणिले १२, झाले १,०८,०००. कपातीच्या भरपाईत महिना ३० चा, म्हणजे सरळ अर्धा पगार: ७,८०० गुणिले १२, झाले ९३,६००. नोटीस पे १५,६००. री-स्किलिंगचे ७,८००. एकूण २,२५,०००. शिल्लक रजांचे पैसे, बोनस आणि चालू महिन्याचा पगार यात धरलेला नाही, तो वर. एचआरने तुमच्यापुढे ठेवलेला चेक या आकड्याशी ताडून बघा.

तो १५,६०० कुठून आला? पूर्वी कंपन्या बेसिक मुद्दाम एवढंसं ठेवायच्या आणि बाकी सगळं भत्त्यांत, म्हणजे ग्रॅच्युइटी कमी बसते. नव्या व्याख्येत घरभाडं, कन्व्हेयन्स वगैरे वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर वरचा भाग पगारातच धरायचा. स्लिप घेऊन बसा आणि तुमचं बेसिक-डीए निम्म्याच्या खाली आहे का बघा, असेल तर आकडा वाढतो.

चालू पगार, म्हणजे काम केलेल्या दिवसांचे पैसे, कपात किंवा क्लोजरनंतर (कंपनी बंद झाल्यावर) दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवेत असा नियम आहे. प्रत्यक्षात कोण देतं विचारू नका, पण अर्जात लिहायला हा मुद्दा उपयोगी पडतो.

"आमच्या हातात नव्हतं" ही पळवाट

हा भाग नीट वाचा, आयातीचा विषय खरा इथेच येतो.

एखादा सेक्शन बंद करून माणसं काढली तर ती कपात. अख्खी कंपनीच बंद केली तर ते क्लोजर, आणि क्लोजरमध्येही भरपाई कपातीसारखीच. पण कायद्यात एक कडी आहे. कंपनी मालकाच्या हाताबाहेरच्या, टाळता न येणाऱ्या कारणाने बंद झाली असेल तर भरपाई जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या पगाराएवढीच. मग मालक काय म्हणणार? "चायनाने भाव पाडले, आम्ही काय करणार, आमच्या हातात होतं का?" ऐकायला पटतं, आणि आपली माणसं भोळी, आपणही मान डोलावतो, खरंच हो, बिचाऱ्याचं पण नुकसानच झालं.

मान डोलवू नका. त्याच कलमाखाली स्पष्टीकरण आहे, जुन्या कायद्यात कलम २५ एफएफएफ, नव्या कोडमध्ये कलम ७५. नुसती आर्थिक अडचण किंवा तोटा, नुसता न विकलेल्या मालाचा साठा, नुसती लीज किंवा लायसन्सची मुदत संपणं, ही हाताबाहेरची कारणं धरायची नाहीत. स्वस्त आयातीने होतं काय? तोटा होतो आणि माल पडून राहतो. म्हणजे तीन महिन्यांची मर्यादा एवढ्यावरून लागत नाही. आम्हाला जो तीन महिन्यांचा चेक दिला होता तो आकडा कुठून आला हे मला हे कलम वाचल्यावर कळलं.

पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर क्लोजरच्या आधी साठ दिवस सरकारला नोटीस द्यावी लागते. तीनशे किंवा जास्त माणसांचा कारखाना असेल तर सरकारची परवानगीच लागते, जुन्या कायद्यात हा आकडा शंभर होता. आपल्याकडे लोटे, महाड, रोहा-धाटाव, गाणे-खडपोली, मिरजोळे कुठेही बघा, तीनशे पर्मनंट असलेल्या कंपन्या बोटावर मोजण्याएवढ्या, त्यामुळे परवानगीच्या भरवशावर राहू नका. साठ दिवसांची नोटीस गेली का हे मात्र लेबर ऑफिसात विचारता येतं, आणि नोटिशीत बंद करायचं कारण लिहिलेलं असतं, ते वाचा.

आता एक डोकॅलिटीची गोष्ट. बाहेरचा माल पाडलेल्या भावाने येतो अशी तक्रार देशातले उत्पादक दिल्लीला डीजीटीआर या केंद्राच्या व्यापार खात्याच्या ऑफिसकडे करतात, त्यातून अँटी-डंपिंग ड्युटी लागते, बहुतेक वेळा पाच वर्षांसाठी. तिथे उद्योगाचं नुकसान मोजताना विक्री, नफा, साठा यांच्याबरोबर रोजगार आणि पगार हेही बघतात. या केसेसचे निकाल वेबसाइटवर सगळ्यांना वाचायला असतात. तुमच्या प्रॉडक्टचं नाव टाकून शोधा. तुमची कंपनी तिथे अर्जदार असेल आणि आयातीमुळे आमचं नुकसान झालं असं सांगत असेल, तर तीच कंपनी लेबर ऑफिसात "सगळे स्वखुशीने सोडून गेले" असं कुठल्या तोंडाने सांगणार? प्रिंट काढून अर्जाला जोडा. ड्युटी लागली म्हणून तुमच्या खिशात काही येत नाही, पण कागद म्हणून तो वजनदार आहे.

ईएसआयसी: दोन स्कीममध्ये घोळ करू नका

पगार २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआयसी कापलं जात असेल तर हा भाग तुमचा.

सगळ्यांना माहीत असते ती अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. २०१८ पासून आहे, मुदतवाढ मिळत मिळत चाललीय. नोकरी गेल्यावर तीस दिवसांनी स्वतः ऑनलाइन क्लेम करायचा, सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. अट अशी की आधीची दोन वर्षं विमा असावा, नोकरी जायच्या लगेच आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी, आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत तेवढीच.

दुसरी आहे राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, २००५ पासूनची, हिच्याबद्दल कोणी बोलतच नाही. कंपनी बंद झाली किंवा कपात झाली तर पहिले बारा महिने पगाराच्या ५० टक्के आणि पुढचे बारा महिने २५ टक्के, आणि त्या काळात घरच्यांसकट औषधपाणी. तीन वर्षांची वर्गणी असेल तर अट आरामात बसते. रोजचा पगार ६०० धरा. अटलमध्ये ३०० गुणिले ९०, म्हणजे २७,०००. राजीव गांधीमध्ये पहिल्या वर्षी साधारण १,०९,००० आणि दुसऱ्या वर्षी ५४,०००. फरक बघा. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत, त्यामुळे घाईघाईत अटलचा क्लेम टाकायच्या आधी ब्रांच ऑफिसला जाऊन दुसरीत बसतो का ते विचारा. तिथे काउंटरवर पहिला प्रश्न हाच येतो: कपातीचं किंवा क्लोजरचं पत्र आहे का? राजीनामा, व्हीआरएस, संप, टाळेबंदी असेल तर ही नाही. आलं लक्षात मी त्या सहीचं एवढं का सांगतोय?

औषधपाण्याचं अजून एक. वर्गणी एप्रिल ते सप्टेंबरची असेल तर तिचा फायदा पुढच्या जानेवारी ते जून, ऑक्टोबर ते मार्चची असेल तर जुलै ते डिसेंबर. म्हणजे नोकरी गेल्यावरही काही महिने ईएसआयसीचा दवाखाना चालू राहतो, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन वगैरे राहिलं असेल तर त्यात उरकून घ्या. नंतर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, रेशन कार्ड तेवढं नीट ठेवा.

पीएफ: सगळं काढायची घाई नको

पूर्वी दोन महिने बेकार राहिलं की पीएफ सगळा निघायचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या बोर्डाने ठरवलं की नोकरी गेल्यावर ७५ टक्के लगेच आणि उरलेले २५ टक्के बारा महिन्यांनी, पेन्शनचे पैसे काढायला ३६ महिने. क्लेम टाकताना पोर्टल काय दाखवतंय ते बघून पुढे जा.

खात्यात ठेवलेल्या पैशावर व्याज चालू राहतं, २०२४-२५ चा दर ८.२५ टक्के होता. पतपेढीत कोण देतंय सांगा. लागतील तेवढेच काढा.

पेन्शनच्या बाबतीत मात्र हात जोडून सांगतो. नोकरी साडेनऊ वर्षं झाली असेल तर ती दहा धरतात, आणि दहा झाली की ५८ व्या वर्षापासून महिन्याची पेन्शन लागते, घाई असेल तर पन्नाशीनंतर कमी करून. साडेनऊच्या खाली असाल तर पैसे काढू नका, स्कीम सर्टिफिकेट घ्या, दुसरीकडे पीएफवाली नोकरी लागली की वर्षं जोडली जातात. माझ्या ओळखीतल्या एकाने नऊ वर्षं दोन महिन्यांवर पेन्शनचे पैसे काढले आणि बाइक घेतली.

टॅक्सचं छोटंसं: पाच वर्षांच्या आत पीएफ काढला आणि रक्कम ५०,००० च्या वर असेल तर टीडीएस कापतात. पण मालकाने धंदा बंद केल्यामुळे किंवा कमी केल्यामुळे नोकरी गेली असेल तर तो टॅक्स लागत नाही. पुन्हा तेच, कागदावर कारण काय लिहिलंय. कपातीच्या भरपाईलाही कायद्याच्या हिशोबाएवढी, जास्तीत जास्त ५ लाखांपर्यंत सूट आहे.

रत्नागिरी-सिंधुदुर्गचं पीएफचं काम कोल्हापूरला चालतं, आंबा घाट चढून जायच्या आधी ऑनलाइन तक्रार टाकून बघा. शिवाय दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफवाले जिल्ह्यात "निधी आपके निकट"चा कॅम्प लावतात, तिथे पासबुक घेऊन गेलात तर समोरासमोर काम होतं.

काजूवाल्या बायकांसाठी वेगळं

केमिकलवाल्यांचं एवढं सांगितलं, पण सिंधुदुर्गात वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडीकडे काजू कारखान्यांतल्या बायकांचं दुखणं वेगळंच आहे. बाहेरून तयार काजूगर स्वस्तात आला की इथली फोडणी आणि सोलणी थांबते. सरकारने जून २०१९ मध्ये त्याला आळा घालायला आयातीचा किमान भाव वाढवला, तुकड्याला किलोला ६८० रुपये आणि अख्ख्या गराला ७२०, त्याखाली आणायला बंदी. पण कारखाना बंद झाला की त्या वहिनीच्या हातात काय? पगार किलोवर, स्लिप नाही, पीएफ नाही.

ईएसआयसीला दहा माणसं लागतात, पीएफला वीस. म्हणून एकाच आवारात नवऱ्याच्या नावाने एक, बायकोच्या नावाने दुसरं आणि भावाच्या नावाने तिसरं युनिट, प्रत्येकात नऊ बायका, हा खेळ चालतो. बॉयलर एक, गोडाऊन एक, ने-आण करणारा टेंपो एक, तर ते तीन कारखाने कसे? सगळ्या बायकांनी मिळून लेबर ऑफिसात अर्ज दिला तर याची चौकशी होऊ शकते. रोजच्या किलोची वही ठेवा, मुकादमाची सही घ्या, सही देत नसेल तर वहीचा रोजच्या रोज मोबाइलवर फोटो काढा, फोटोला तारीख असते. वर्षात २४० दिवस भरत असतील तर किलोवर काम करणारीलाही कपातीची भरपाई लागू आहे. सीझनपुरतंच काम असेल आणि दिवस भरत नसतील तर तिथे गाडी अडते, ते आधीच सांगितलेलं बरं. ई-श्रम कार्ड तेवढं काढून ठेवा.

मालक ऐकतच नाही, मग?

जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जायचं, रत्नागिरीवाल्यांनी रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांनी ओरोस. अर्ज साध्या मराठीत चालतो: कधी लागलो, काय काम, शेवटचा पगार, कोणत्या तारखेला कसं काढलं, वरच्या हिशोबाप्रमाणे किती येणं आहे. दोन प्रती, एकीवर इनवर्डचा शिक्का घ्यायचाच, शिक्क्याशिवाय दिलेला अर्ज म्हणजे समुद्रात टाकलेला अर्ज. मग दोन्ही बाजूंना बोलावून कन्सिलिएशन, म्हणजे तडजोडीची बोलणी होतात. तिथे नाही मिटलं तर रिपोर्ट मिळाल्यापासून ९० दिवसांत ट्रिब्युनलला जाता येतं. नव्या कोडमध्ये कपातीचा वाद दोन वर्षांच्या आत न्यायला हवा, "बघू शिमग्यानंतर" करत बसलात तर मुदत जाते. हुद्दा शिफ्ट इनचार्ज आहे म्हणून तुम्ही कामगारच नाही असं सांगतील, तिथे कार्डावर काय छापलंय त्यापेक्षा प्रत्यक्ष काम काय करत होतात ते बघितलं जातं, व्हॉल्व्ह तुम्हीच फिरवत होतात तर तसं सांगा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यात औद्योगिक कामगाराला फुकट वकील मिळायचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. जिल्हा कोर्टाच्या आवारात त्यांचं ऑफिस असतं, तालुक्याला समिती असते.

कंपनी दिवाळखोरीत गेली असेल तर लेबर ऑफिसच्या जोडीला दुसरं काम लागतं. पेपरात जाहीर नोटीस येते, एक इंग्रजी आणि एक मराठी पेपर, त्यात दाव्याची तारीख असते. कामगाराने फॉर्म डी भरून आपलं येणं कळवायचं. पुढे कंपनी विकायला निघाली तर कामगारांचं मागच्या २४ महिन्यांचं येणं तारणवाल्या बँकांच्या बरोबरीने धरतात, आणि पीएफ, पेन्शन, ग्रॅच्युइटीचा फंड त्या विक्रीच्या बाहेर असतो. पण दावा भरणाऱ्यालाच. ती नोटीस आपण वाचत नाही, निधन वार्ता वाचून पेपर बाजूला ठेवतो.

हातात पैसे आल्यावर

यावर थोडंच सांगतो, कारण इथे प्रत्येकाला आपलं डोकं जास्त वाटतं. पहिले सहा महिने घरखर्चाचे बाजूला काढा. बिझनेस करायचाच असेल तर सगळे स्वतःचे घालू नका. जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती आणि पंतप्रधानांची पीएमईजीपी अशा दोन स्कीम आहेत, बँकेचं कर्ज घेतलं की प्रकल्पाच्या खर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान, गावात आणि महिलांना जास्त. काजू, आंबा, कोकम, फणस असलं काही प्रोसेसिंग करणार असाल तर पीएमएफएमई बघा, ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख. हायवेला वडापावची गाडी टाकणारे आमच्यातले चार होते, हायवेचं काम सरकलं आणि गाड्या दोनदा हलवाव्या लागल्या, एवढंच सांगतो.

आणि एक कागद सगळे विसरतात. कपात केल्यापासून एका वर्षाच्या आत कंपनीने पुन्हा माणसं घ्यायची ठरवली तर काढलेल्या कामगारांना आधी विचारायला हवं असं कायदा सांगतो. आमच्या कंपनीने आठ महिन्यांनी त्याच शेडमध्ये दुसरं प्रॉडक्ट सुरू केलं आणि नवीन पोरं घेतली. आम्हाला कोणी विचारलं नाही, विचारायचं कारणच नव्हतं, आमचे राजीनामे फाइलला होते. तुमची जर कपात झाली असेल तर आठवड्याभरात कंपनीला स्पीड पोस्ट करा: "माझी अमुक तारखेला कपात झाली आहे, भरती निघाल्यास मी रुजू होण्यास तयार आहे, माझा पत्ता आणि मोबाइल खालीलप्रमाणे." मुंबईला किंवा पुण्याला भावाकडे राहायला गेलात तर बदललेला पत्ता पुन्हा कळवा, आणि दोन्ही पावत्या त्या अपॉइंटमेंट लेटरच्या फाइलमध्येच लावा.